मोरचूद, डुकरं आणि आबांचा मेंढा



परवा कवठेमहांकाळकडच्या एका पोराचा फोन आला. नवीन वराहपालन सुरू केलंय, पंधरा पिल्लं आणलीत. म्हणाला, "अण्णा, खाद्यात मोरचूद किती टाकू? एकजण म्हणतोय मूठभर टाक, झटक्यात वजन भरतं." मी त्याला एवढंच सांगितलं की बाबा आज काही टाकू नको, मी सवडीनं लिहितो. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. कारण ती मूठ मीही टाकलेली आहे. आणि पुढं जे झालं त्यात नुकसान माझं कमी आणि दुसऱ्याचं जास्त झालं. हे आजवर इथं लिहिलं नव्हतं. आबांना विचारून आज लिहितोय.

आपण तासगावकडची द्राक्षवाली माणसं. मोरचूद आपल्याला शाळेच्या पुस्तकातून नाही, बोर्डोच्या बॅरलमधून माहीत. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. माझ्या वडिलांनी मला शिकवलं की द्रावण झालं की त्यात विळ्याचं पातं मिनिटभर बुडवायचं. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून घाल, नाहीतर पान करपतं. थर नाही चढला की फवारणी चालू. हे विळ्याचं ध्यानात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

अवकाळीनं लागोपाठ दोन हंगाम बागेचे गेले तेव्हा मी डुकरं आणली. लार्ज व्हाईट यॉर्कशायरच्या चार माद्या आणि एक नर. गावानं नावं ठेवली. आमच्या सौ.नं आठवडाभर अबोला धरला. पण तो विषय वेगळा. वर्षभरात शेडमध्ये लहानमोठी चाळीस जनावरं झाली आणि खाद्याचा खर्च डोक्यावर बसला. हॉटेलचं खरकटं मी पहिल्यापासून घेतलं नाही. मका, सोयापेंड, गव्हाचा कोंडा, तांदळाची पॉलिश, मीठ आणि वरून मिनरल मिक्श्चर असं घरीच कालवत होतो.

दूध तोडलं की पिल्लं ढाळतात, हे ज्यांनी डुकरं पाळली त्यांना सांगायला नको. आठ-दहा दिवस नुसती हगवण, पाठीचा कणा वर येतो, वाढ थांबते. त्या वेळी खाद्यात तांबं वाढवलं तर हगवण कमी होते आणि वजन भरतं असं मी ऐकलं. ऐकलेलं खोटं नव्हतं. माझा पुतण्या शिरवळला पशुवैद्यकीय कॉलेजला शिकतो, त्यानं नंतर मला नीट सांगितलं. ब्रिटनमध्ये ब्रॉडे नावाच्या शास्त्रज्ञाला १९४५ च्या सुमारास दिसलं की डुकरांना तांब्याची ओढ असते. मग १९५५ च्या आसपास त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी खाद्यात २५० पीपीएमपर्यंत तांबं देऊन वाढ मोजली. डुकरं खरंच जोरात वाढली. तिथनं ही पद्धत जगभर गेली.

पीपीएम म्हणजे काय ते एकदा सांगून टाकतो. एक टन खाद्यात एक ग्रॅम म्हणजे एक पीपीएम. डुकराच्या पिल्लाची शरीराची गरज किती? टनाला पाच-सहा ग्रॅम, बस. रक्त बनायला, हाडाला, केसाला तेवढं पुरतं. १२५ किंवा २५० ग्रॅम जे टाकतात ते गरजेपोटी नाही, ते आतड्यातले जंतू दाबायला आणि वाढ ओढायला. म्हणजे त्याचा वापर औषधासारखा आहे. आपण त्याला मीठ-मसाल्यासारखं हाताळतो, तिथंच चुकतं.

माझी पहिली चूक साधी होती. एका व्यापाऱ्यानं मला स्वस्तातलं मिनरल दिलं. म्हणाला, "बाकीचे मोरचूद घालतात, त्यात तांबं २५ टक्के. आमच्यात कॉपर ऑक्साईड हाय, त्यात ८० टक्के. तिप्पट माल, निम्मा पैसा." आकडे त्यानं खरे सांगितले. मोरचुदात तांबं पावभागच असतं, बाकी गंधकाचा भाग आणि पाणी. काळ्या ऑक्साईडमध्ये ऐंशीच्या आसपास असतं. मला हिशेब पटला. तीन महिने ते चारलं. पिल्लं तशीच ढाळत राहिली. वजनकाट्यावर काही फरक नाही. मला वाटलं, हे तांब्याचं प्रकरणच थोतांड आहे.

दुसरी चूक त्याच्यापेक्षा मोठी. ऑक्साईडनं काही झालं नाही म्हणून बागेसाठी आणलेली मोरचुदाची पिशवी फोडली आणि शंभर किलो खाद्यात दोन मुठी टाकल्या. वजन नाही, दळणं नाही, खडे तसेच. फावड्यानं वरखाली केलं आणि गव्हाणीत ओतलं. संध्याकाळी शेडमध्ये गेलो तर सहा पिल्लं ओकत होती. ओकारी निळसर हिरवी. ज्याच्या तोंडात खडा गेला त्यानं तीन दिवस खाद्याला तोंड लावलं नाही. बाकीची मात्र ठणठणीत. म्हणजे एकाला भरमसाट आणि दुसऱ्याला काहीच नाही असं कालवलं गेलं होतं.

आज हिशेब घालतो तेव्हा अंगावर काटा येतो. १२५ पीपीएम तांबं द्यायचं तर टनाला अर्धा किलो मोरचूद लागतं. शंभर किलोला फक्त पन्नास ग्रॅम. माझ्या दोन मुठी कमीत कमी दोनशे ग्रॅमच्या होत्या. शिवाय ते बागेचं मोरचूद. फवारणीच्या मालात दुसरे कुठले जड धातू किती आहेत ते कोण बघतंय? जनावराच्या पोटात जायचं ते फीड ग्रेडचंच पाहिजे.

पिल्लं वाचली. त्या दिवाळीत पुतण्या घरी आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं आणि विचारलं, "८० टक्केवाल्यानं काहीच केलं नाही आणि २५ टक्केवाल्यानं पिल्लं ओकवली, असं कसं?"

तो म्हणाला, "काका, पोत्यावर किती लिहिलंय ते डुकराला कळत नाही. पोटात किती विरघळतंय तेवढंच त्याला कळतं."

मग त्यानं मला करून दाखवलं. तीन ग्लास घेतले. एकात मोरचूद, एकात काळा ऑक्साईड, एकात हिरवट पावडर. ही तिसरी पावडर म्हणजे बेसिक कॉपर क्लोराईड, पोल्ट्री फीडवाल्याकडून चिमूटभर मागून आणली. तिच्यात तांबं ५८ टक्क्यांच्या आसपास असतं. आधी नुसतं पाणी घातलं. मोरचूद हलवता हलवता विरघळलं, पाणी निळं. हिरवी पावडर खाली बसली, वरचं पाणी स्वच्छ. काळी पण खाली बसली.

मग त्याच तीन वस्तू दुसऱ्या ग्लासांत व्हिनेगरमध्ये घातल्या. व्हिनेगर आमच्या स्टँडवरच्या चायनीजच्या गाडीवरून आणलं होतं, तो गाडीवाला अजून विचारतो की डुकरांना नूडल्स चारता काय. आंबट पाण्यात हिरवीनं रंग सोडायला सुरुवात केली, हळूहळू पाणी निळं-हिरवं होत गेलं. काळी मात्र तळाशी तशीच. मला विळा आठवला. मी म्हटलं, थांब. तीन लोखंडी खिळे पॉलिश पेपरनं घासून एकेका ग्लासात सोडले. मोरचुदाच्या ग्लासातला खिळा दोन मिनिटांत तांबडा. हिरव्या ग्लासातला अर्ध्या तासानं तांबडा. काळ्या ग्लासातल्या खिळ्यावर तासाभरानंही नावाला डाग. पुतण्या हसला, "काका, हे काय शास्त्रीय नव्हं. जठरात व्हिनेगर नसतं, हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, ऊब असते, ढवळणं असतं." असू दे. मला दहावीच्या रसायनशास्त्रात जे कळलं नव्हतं ते त्या खिळ्यांनी कळलं. (ते ग्लास नंतर फोडून पुरून टाकले. कुणी करून बघणार असेल तर घरातली भांडी वापरू नका.)

आता पोटात काय होतं ते मला समजलं तसं सांगतो. जाणकारांनी चुकलं तर सांगावं.

डुकराचं जठर म्हणजे आंबट ग्लास. तिथं तांबं विरघळून सुटं होतं. मोरचूद आधीच पाण्यात विरघळणारं, त्यामुळं ते तोंडापासूनच सुटं, जठरात एकदम सगळं अंगावर येतं, म्हणून ओकारी. हिरवी पावडर पाण्यात मुकी राहते आणि आंबट लागलं की बोलायला लागते. तिचा आणखी एक फायदा आहे. मोरचूद ओलावा ओढतं आणि पोत्यातल्या पोत्यात जीवनसत्त्वं आणि तेल खराब करतं. पावसाळ्यात पॉलिशला खवट वास लवकर येतो त्यात त्याचाही हात असू शकतो. हिरवी पोत्यात गप्प पडून राहते.

दूध तुटलेल्या पिल्लाचं मात्र वेगळं असतं. त्याच्या जठरात अजून पुरेसं आम्ल तयार होत नाही. आईच्या दुधातल्या साखरेपासून जो आंबटपणा यायचा तो पण बंद झालेला. म्हणजे ज्या वयात आपल्याला तांब्याचं काम पाहिजे त्याच वयात त्याचा ग्लास कमी आंबट. काळ्या ऑक्साईडला एवढा जोर आणि एवढा वेळ कुठनं मिळणार? जसं आत गेलं तसं मागून बाहेर. त्या तीन महिन्यांत मी माझ्या पैशानं काळी पावडर डुकरांच्या पोटातून शेणखड्यात नेऊन टाकत होतो.

जठरातून पुढं लहान आतड्यात गेलं की आंबटपणा मरतो. हे बोर्डोवाल्याला पटकन समजेल. मोरचुदाच्या निळ्या पाण्यात चुन्याची निवळी ओतली की काय होतं? सुटं तांबं गठ्ठ्यात बसतं, विळ्यावर चढत नाही. आतड्यात चुना नसतो, पण आंबट गेलं की तांब्याला धरणारे तयारच असतात. मक्यात आणि कोंड्यात फॉस्फरसचा मोठा भाग फायटेट म्हणून असतो, तो या तांब्याला धरून न विरघळणारा गाळ करतो. जे सुटं राहिलं त्यातलं थोडं जंतूंवर काम करतं, थोडं आतड्याच्या भिंतीतून रक्तात जातं. भरपूर तांबं दिलं तर शंभरातले दहा भागसुद्धा अंगी लागत नाहीत. बाकीचे नव्वद मागून येतात. कोंडा जास्त घालणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. माझ्या खाद्यात कोंडा बक्कळ होता.

एवढं कळल्यावर मी सुधारलो असं तुम्हाला वाटेल. अर्धवट सुधारलो. चांगल्या कंपनीचा प्रीमिक्स आणला, वजन करून कालवायला लागलो, आधी एक किलो कोंड्यात मग दहा किलोत मग सगळ्यात, असं. खाद्यात तांबं १५० पीपीएमवर ठेवलं. पिल्लांची हगवण खरंच कमी झाली, ते नाकारणार नाही. पण मी काय केलं, तेच खाद्य विक्रीपर्यंत सगळ्यांना चालू ठेवलं. एक कालवण, एक पोतं, डोक्याला ताप नाही. युरोपात तसं चालत नाही हे नंतर समजलं. तिथं २०१८ च्या नियमानं दूध तुटल्यावर चार आठवडे १५० पर्यंत, मग आठव्या आठवड्यापर्यंत १००, आणि पुढं मोठ्या डुकराला फक्त २५. मोठ्या जनावरात फायदा घटत जातो आणि शेणात तांबं वाढत जातं, म्हणून.

आणि त्याच नियमात मेंढीला १५. तो आकडा मला आधी माहीत असता तर.

आमच्या बांधाला लागून आबांचं घर. धनगर माणूस, वय सत्तरीच्या पुढं. कळप कधीच मोडला, पण एक-दोन मेंढ्या आणि एक मेंढा दारात असायचाच. २०२३ साली त्यांच्याकडं माडग्याळी मेंढा होता. माडग्याळी म्हणजे काय हे आपल्याकडच्यांना सांगायला नको. ते वळलेलं नाक, ती उंची. पोपटाच्या चोचीसारखं नाक असलेला मेंढा दिसला की जत्रेत माणसं थांबून बघतात. आबा त्याला स्वतःच्या हातानं चारत. एका व्यापाऱ्यानं ८५ हजाराला मागितला होता, आबांनी दिला नाही. म्हणाले, जत्रेत उभा करतो, मग बघू.

त्या पावसाळ्यात डुकरांची एक गाडी गेली आणि माझ्याकडं तयार खाद्य उरलं. चार पोती. पडून खराब होण्यापेक्षा आबांच्या मेंढ्याला होईल म्हणून मीच त्यांच्या दारात दोन पोती नेऊन टाकली. "आबा, मका-सोयाबीनचं हाय, मेंढा फुगंल." आबांनी पैसे विचारले, मी नको म्हटलं. पुढं पोतं संपलं की मीच दुसरं देत गेलो. सव्वादोन महिने. रोज किलोभर.

मेंढा खरंच फुगला. कातडी चकाकायला लागली. आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "अण्णाच्या पेंडीनं केलं." मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

जत्रेच्या आदल्या दिवशी टेम्पोत घालून त्याला नेला. गर्दी, आवाज, दोन तासांचा प्रवास. दुसऱ्या दिवशी सकाळी आबांच्या नातवाचा फोन आला. मेंढा उभा राहीना. मी जाईपर्यंत आबा त्याला परत घेऊन आले होते. मला बघून आबा म्हणाले, "अण्णा, मूत बघ की रं. काळं-लाल येतंया. रगत हाय का काय?"

पापणी उलटून बघितली तर पिवळी. हिरड्या पिवळ्या. डॉक्टर आले, त्यांनी मेंढ्याकडं बघण्याआधी गव्हाणीकडं बघितलं. "काय चारताय?" आबांनी पोतं दाखवलं. डॉक्टरांनी हातात घेऊन वास घेतला आणि माझ्याकडं वळून विचारलं, "हे डुकराचं आहे का?"

मी हो म्हटलं. तेव्हा त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी विसरणार नाही.

त्यांनी प्रयत्न केले. म्हणाले, आधी कळलं असतं तर मॉलिब्डेनम आणि सल्फेट देऊन तांबं काढता येतं, पण एकदा लाल लघवी सुरू झाली की क्वचित वाचतं. दुसऱ्या दिवशी पहाटे गेला. शवविच्छेदन केलं. काळीज पिवळं पडलेलं आणि मूत्रपिंडं काळी-निळी, बंदुकीच्या नळीच्या रंगाची. डॉक्टर म्हणाले, तांब्याचीच विषबाधा आहे, बाकी काही तपासायची गरज नाही.

डुकराला जे सोसतं ते मेंढीला का सोसत नाही, हे डॉक्टरांनी तिथंच, आबांच्या ओट्यावर बसून सांगितलं. डुकराचं यकृत जास्तीचं तांबं पित्तावाटे बाहेर टाकतं. मेंढीच्या यकृताला ते नीट जमत नाही. ते साठवत राहतं. रोज थोडं थोडं, आठवडे-महिने. वरून काही दिसत नाही, उलट जनावर चांगलं दिसतं. मग एखादा ताण आला, प्रवास, उपास, थंडी, की यकृत फुटल्यासारखं सगळं तांबं एकदम रक्तात सोडतं. रक्तपेशी फुटतात, कावीळ होते, लघवी लाल होते. दोन-चार दिवसांत खेळ संपतो. शेळी यापेक्षा जास्त सोसते, गाय त्याहून वेगळी, पण मेंढी सगळ्यात नाजूक. म्हणजे टेम्पोनं मेंढा मेला नाही. मी दिलेल्या प्रत्येक किलोनं १५० मिलिग्रॅम तांबं आत गेलं होतं आणि काळजात मोजून ठेवलं गेलं होतं.

आबा सगळं ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "म्हंजी फुगत हुता ते खोटं हुतं?"

डॉक्टर म्हणाले, नाही, मक्यानं फुगत होता. तांबं वेगळं काम करत होतं.

मेंढा आम्ही दोघांनी मिळून पुरला. मी त्याच संध्याकाळी पैसे घेऊन गेलो. आबांनी हात लावला नाही. "तू काय मुद्दाम केलंस व्हय," म्हणाले, पण आत या म्हणाले नाहीत. त्यांचा मुलगा मात्र बोलला, आणि बरोबर बोलला. "अण्णा, तुम्ही शिकल्याली माणसं, पोत्यावर लिवायचं तरी." पोत्यावर खरंच काही लिहिलेलं नव्हतं. सोयापेंडीची जुनी पोती, त्यावर सोयाबीनचं चित्र. वाचता येणारा माणूससुद्धा फसला असता.

तीन महिने आबा माझ्या बांधावरून गेले नाहीत, लांबून वळसा घालून जायचे. संक्रांतीला मीच तिळगूळ घेऊन गेलो. शेवटी असं ठरलं की रोख नको, मी त्यांना माडग्याळच्या बाजारातून एक कोकरू घेऊन द्यायचं आणि त्याची वैरण वर्षभर माझ्याकडून. वैरण म्हणजे कडबा आणि हिरवा चारा, पोतं नाही. ते कोकरू आता दीड वर्षाचं मोठं झालंय. नाक मागच्याएवढं वळलेलं नाही असं आबा म्हणतात.

आता त्या कवठेमहांकाळच्या पोराला आणि बाकीच्यांना माझ्याकडचं आत्ताचं सांगतो. पिल्लांचं खाद्य वेगळं आणि मोठ्यांचं वेगळं कालवतो. दूध तोडल्यापासून चार-पाच आठवडे हिरव्या पावडरचा प्रीमिक्स, तांबं १५० च्या आत. नंतर उतरवून २५ च्या आसपास. ओट्यावरच्या पिल्लांची हगवण मोरचुदापेक्षा कोरड्या बिछान्यानं आणि दूध तोडायच्या आधीच पिल्लांना थोडं थोडं खाद्य लावल्यानं जास्त थांबली, हेही खरं. मोठ्या डुकरांच्या वजनात तांबं कमी केल्यानं मला काट्यावर दिसण्यासारखा फरक पडला नाही. मिनरल घेताना टक्का विचारू नका, रूप विचारा. सल्फेट आहे, क्लोराईड आहे, चिलेटेड आहे, का ऑक्साईड. ऑक्साईड म्हटला की मी पिशवी परत ठेवतो. हातानं मोरचूद टाकायचंच असेल तर फीड ग्रेड, बारीक दळलेलं, सोनाराच्या नाही तरी किराणा काट्यावर मोजलेलं, आणि आधी डॉक्टरांना विचारून.

डुकरांच्या सगळ्या पोत्यांवर आता तांबड्या ऑईलपेंटनं मोठं 'डु' काढलंय. ज्याला वाचता येत नाही त्यालाही खूण कळते. शेडच्या बाजूला मेंढरं येऊ देत नाही, सांडलेलं खाद्य झाडून घेतो.

एक राहिलं. ते शेणाचं. मोठ्या डुकराला दिवसाला दोन किलो खाद्य धरलं आणि तांबं १५० असलं तर शंभर दिवसांत तीस ग्रॅम तांबं त्याच्या पोटातून जातं. चाळीस डुकरांचं सव्वा किलोच्या जवळ. त्यातलं नव्वद टक्के शेणात. आता बोर्डोचा हिशेब घाला. एकरी चारशे लिटर एक टक्का फवारला तर चार किलो मोरचूद, म्हणजे एक किलो तांबं. म्हणजे माझ्या एका बॅचच्या शेणात एकरभराच्या एका बोर्डोएवढं तांबं. हे ऐकून फार घाबरायला नको. पण मी ते शेण टाकत कुठं होतो? बागेत. जिथं वडिलांच्या काळापासून बोर्डो पडतोय तिथंच. आपली जमीन चुनखडीची, तिच्यात तांबं धरून बसतं, वाहून जात नाही, म्हणून पिकाला लगेच काही दिसत नाही. पण जमिनीत जे साठतंय ते परत निघत नाही. काळजात साठत होतं तेही दिसत नव्हतं.

त्यामुळं डुकराचं खत आता बागेला बंद. मका आणि उसाला टाकतो, ते पण आलटून पालटून, आणि टाकल्यावर तिथं धनगराच्या कळपाला बसवत नाही. बागेच्या मातीचे दोन नमुने, एक वरच्या अर्ध्या फुटाचा आणि एक खालच्या फुटाचा, सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या तपासणीला दिलेत. तांब्याचा आकडा आला की इथं टाकतो. ज्यांच्याकडं जुन्या बागेचा असा रिपोर्ट पडून आहे त्यांनी तांब्याची ओळ बघून आकडा मला कळवा. बागेचं वय आणि वर्षाला किती बोर्डो मारता तेही लिहा.